पिंगळ्याची नोंद

लक्ष्मीच्या अनेक चित्रांत तिच्या पायाशी घुबड बसलेले असते. ते तिचे वाहन मानले जाते. तरीही दिवाळीच्या सुमारास धनप्राप्तीच्या अंधश्रद्धेपोटी आपल्या देशात घुबडांचे बळी दिले जातात, ही दुःखद वस्तुस्थिती आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणे, विकणे व मारणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे माहितीच उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मुळशी तालुक्यात राहावयास आलो. शेजारची जागा धान्याचे व्यापारी असलेल्या एका गृहस्थांची. तिच्या बांधावर जुना आंबा आहे आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. एके दिवशी ते म्हणाले, "साहेब, हा आंबा आता काढावा म्हणतो. घुबडाचा वास घराला बरा नाही, असे घरची मंडळी म्हणतात."

मी म्हटले, "शेठजी, तुमच्या गोदामात नासाडी कोणामुळे होते?"

ते हसले. "उंदरांमुळे."

"मग पिंगळ्याशी वैर कशाला? तो किडे आणि उंदीर खाऊन राहतो. तो त्याचा निसर्गधर्म आहे. आपण विष ठेवतो, ती मात्र आपण केलेली हिंसा. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला, तर तेही दगावते."

मग मी त्यांना घुबडाची शरीररचना समजावून सांगितली. त्याचे डोळे खोबणीत हलत नाहीत, म्हणून ते सारी मानच वळवते आणि तीही सुमारे २७० अंशांपर्यंत. आपल्या मानेत सात मणके असतात, त्याच्या मानेत चौदा. बहुतेक घुबडांच्या पंखांच्या पिसांना कंगव्यासारखी किनार असते, त्यामुळे ती उडताना आवाज होत नाही. पाहुण्यांना भेडसावणाऱ्या त्या 'अपशकुना'त एवढी कारागिरी आहे, हे ऐकून शेठजी विचारात पडले. अखेर छपरावर आलेल्या वाळक्या फांद्या तेवढ्या तोडल्या गेल्या. ढोलीचा बुंधा राहिला.

या पिंगळ्याचा एक दुर्मीळ भाऊबंद खानदेशात आहे, तो म्हणजे रानपिंगळा. त्याची कथा हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला विशेष भावते. शास्त्राला हा पक्षी १८७३ मध्ये ज्ञात झाला. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीलायक नमुना कोणालाच मिळाला नाही. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधकांनी चुकीच्या मुलखात वेळ घालवला. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा तो नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. खोटी नोंद बाजूला सारून त्या खऱ्या नोंदींमधील ठिकाणी गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती! पुढे मेळघाटातही तो आढळला. तरीही तो आजही संकटग्रस्तच आहे.

रानपिंगळ्याची नोंद खोटी झाली होती. काही जिवांची तर नोंदच होत नाही. मुळशीहून ताम्हिणी घाट उतरले की कोकण लागते. त्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात फिनलेस पॉरपॉइज राहतो. तो डॉल्फिनचा लहान नातलग. मासा नव्हे, सस्तन प्राणी. त्याच्या पाठीवर पर नसतो, डोके गोल असते आणि तो डॉल्फिनसारख्या उड्या मारीत नाही. त्यामुळे पर्यटकांना तो सहसा दिसतच नाही. श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावे लागते. मासळीसाठी लावलेल्या जाळ्यात अडकला, तर तो गुदमरून मरतो.

दुर्लक्ष झाले की काय होते, याचे उदाहरण मेक्सिकोतील व्हाकिटा हा पॉरपॉइज. १९९७ च्या गणनेत तो सुमारे ५६७ होता. आज दहाच्या आसपास उरला आहे. व्हाकिटाला कोणी विकत घेत नाही. तोतोआबा नावाच्या माशाच्या आतील फुग्याला चीनमध्ये प्रचंड भाव मिळतो, त्या माशासाठी लावलेल्या जाळ्यात तो मरतो. ज्याचे नाव सौद्यात कोठेही नाही, त्यालाच सौद्याची किंमत चुकवावी लागते. आपण व्यापारी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. वस्तूचा भाव विचारताना तिच्या मागे आणखी कोणाचा जीव गेला, हेही विचारावयास हवे.

मुळशीच्या परिसरात आपल्यापैकी अनेकांनी जागा घेतल्या आहेत, बंगले बांधले आहेत. तेथील जुने, पोकळ झाड शक्यतो तोडू नये. रात्रभर प्रखर दिवे जाळू नयेत. उंदरांसाठी विष ठेवण्याऐवजी धान्य बंद कोठ्यांत ठेवावे. आणि घरातील मुलांना एक वही द्यावी. तिच्यात दिसलेल्या प्राण्याचे नाव, ठिकाण व तारीख त्यांनी प्रामाणिकपणे लिहावी. चोख हिशेब ही आपली पिढीजात विद्या आहे. ती या मुक्या जिवांच्याही कामी यावी.