अर्ध्या मिलिमीटरची राखण

फायबरग्लासची होडी साच्यात घडते आणि त्या साच्यात सर्वांत आधी लावला जातो तो जेलकोट, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या रेझिनचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा थर. त्यावर काचतंतूंचे थर चढतात आणि होडी साच्यातून निघते तेव्हा आधी लावलेला हा थर सर्वांत बाहेर येतो. त्याची चकाकी साच्याच्या घोटीव पृष्ठभागाकडून आलेली असते. ओरखडा बुजवणाऱ्या कारागिराजवळ साचा नसल्याने तेच काम त्याला बाहेरच्या बाजूने, हाताने साधावे लागते आणि या दुरुस्तीचा सारा कस तिथेच लागतो.

ओरखड्यावरून नख फिरवताना ते अडकले नाही, तर रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, पुरते. अडकले, तर कडा उतरत्या घासून, जागा अ‍ॅसिटोनने पुसून, हार्डनर मिसळलेला जेलकोट किंचित उंच भरावा लागतो. हा हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारे पेरॉक्साइड, साधारण 1 ते 2 टक्के पुरतो. पण त्याचा थेंबही डोळ्याला घातक असल्याने संरक्षक चष्म्याशिवाय त्याला हात लावू नये. हवेतील ऑक्सिजनमुळे जेलकोटचा उघडा पृष्ठभाग चिकट राहतो; साच्यात हा चिकटपणा पुढचा थर धरून ठेवतो, दुरुस्तीत मात्र तीच बाजू दर्शनी असल्याने वर पारदर्शक फिल्म ताणून हवा अडवावी लागते.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, परंतु मुंबईतल्या विक्रोळीसारख्या खाडीकाठच्या भागात तेव्हाची दमट हवा या कामाला प्रतिकूल असते. म्हणून कोरड्या ऋतूतली सावली निवडणे श्रेयस्कर. भरणी घट्ट झाल्यावर 400 पासून 1200 क्रमांकापर्यंतचे वॉटर पेपर, म्हणजे बारीक होत जाणारे घासकागद, पाण्यासह चढत्या क्रमाने फिरवले जातात. त्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण उतरतात, आणि विक्रोळीसमोरची ठाणे खाडी 2022 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत असल्याने ते पाणी गोळा करून, गाळूनच टाकणे हा या कामाचाच भाग मानला पाहिजे.

प्रत्येक घासणीबरोबर मूळचा अर्धा मिलिमीटर आणखी झिजतो. पाणी आणि ऊन अडवणे हे जेलकोटचे पहिले काम असल्यामुळे, उथळ ओरखड्याची पुसट खूण राहू देऊन थर जाड राखणारा हात हा, खूण पुरती नाहीशी करण्यासाठी थर पातळ करणाऱ्या हातापेक्षा अधिक जाणता म्हणावा लागतो.