नांदगांवचा तिठा आणि एक जर्मन उद्गार

मुंबईहून गोव्याकडे जातांना कणकवलीच्या अलीकडे नांदगांव लागतें. समुद्र येथून दिसत नाहीं. तथापि देवगडास जावयाचें तर येथेंच वळावें लागतें, आणि घाटावरून फोंड्यामार्गें उतरणारी वाटही येथेंच मिळते. कोंकण रेल्वेचें ‘नांदगांव रोड’ हें स्थानकही याच गांवचें.

ज्येष्ठांत आम्ही येथें उतरलों, तेव्हां पुण्यास जर्मन शिकणारा आमचा नातू बरोबर होता. तिठ्यावर एका बाईंपाशीं हापुसाची चौकशी केली. ‘आंबो सरलो,’ असें त्यांनीं सांगतांच नातू उद्गारला, ‘शाडं!’

या शब्दाचा मूळ अर्थ हानि; परंतु बोलण्यांत ‘अरेरे’ एवढाच. गाडी चुकली, पाहुणे आले नाहींत, शाडं म्हणावें आणि पुढें चालावें. त्याहून अधिक वाईट वाटलें तर ‘पेश’, म्हणजे डांबर! पूर्वीं पांखरें धरावयास फांद्यांना चिकट लेप लावीत. त्यांत अडकलेल्या पांखरावरून दुर्दैवी मनुष्यास ते लोक ‘पेशफोगल’ म्हणतात. वैताग आल्यास ‘मिस्ट’, म्हणजे शेणखत. ज्या शेणानें आपण अंगण सारवितों, त्याचें नांव तिकडे असें घेतात! आमच्या मालवणी मुलखांतील ‘शिरां पडली’ हा उद्गार त्याच जातीचा.

निराशेचा भारदस्त शब्द मात्र ‘एन्टटॉयशुंग’. भूल दूर होणें, हा त्याचा अवयवार्थ. आपला ‘भ्रमनिरास’ तंतोतंत तोच. सहज गप्पांत तो फारसा येत नाहीं. ‘तूं माझी निराशा केलीस’ असें या शब्दानें म्हटलें, तर जिव्हाळ्याच्या माणसास तें फार लागतें. हा विवेक आम्हांस आवडला. मराठींत हल्लीं लहानसहान गोष्टीलाही ‘घोर निराशा’ म्हणतात.

देवगडच्या गाडींत नातवानें हळूच सांगितलें, ‘आजोबा, मला जर्मनींत प्रवेश मिळाला. ऑक्टोबरांत सत्र सुरू होतें. यंदाची चतुर्थी घरीं होईल; पुढल्या वर्षीं, लायडर, येणें जमणार नाहीं.’ नकार सौम्य करण्यासाठीं जर्मन लोक हा शब्द योजतात. दुःखवाचक ‘लायड’शीं त्याचें नातें आहे.

घरांत आरतीस झांज वाजविणारा तोच. आतां आम्ही यांतील कोणता शब्द उच्चारावा, असें विचारलें. ‘शाडं पुरे,’ तो म्हणाला.

आम्ही ‘हन्त’ म्हणालों. अमरकोशानें या अव्ययास हर्ष आणि विषाद, दोन्ही अर्थ दिले आहेत. त्यांपैकीं कोणता, हें त्यानें विचारलें नाहीं. इतक्यांत शिरगांव आलें.