अंगणातील डोंगर

मराठी माणसाने आपल्या भाषेत दगडाची फारशी कदर केलेली दिसत नाही. ज्याला शिकवलेले समजत नाही त्याला तो 'दगड' म्हणतो. ज्याचे मन द्रवत नाही त्याला पाषाणहृदयी ठरवतो. आणि दोन अडचणींतून एक पत्करायची झाली, तर 'दगडापेक्षा वीट मऊ' अशी स्वतःची समजूत घालतो. पण त्याच्या घराचा पाया दगडाचा, विहिरीचे चिरे दगडाचे, पिढ्यान्‌पिढ्या त्याला पीठ देणारे जाते दगडाचे, आणि संकटकाळी ज्या मूर्तीपुढे तो हात जोडतो तीही दगडाचीच. इतके उपयोगी पडूनही इतकी नावे ठेवून घेणारा दुसरा पदार्थ सृष्टीत क्वचितच असेल. अशा दगडाची बाग करता येते, असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला प्रथम हसूच येईल. बाग म्हणजे फुले, वेली, हिरवळ. तेथे दगडाचे काय काम?

ह्या प्रश्नाचे उत्तर डाळजसारख्या गावातील अंगणात सापडते. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने भिगवण मागे टाकले, की इंदापूर तालुक्यातील हे गाव लागते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि ह्या परिसरात दूरवर पाणी पसरले. हिवाळ्यात त्या पाण्याच्या काठी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहण्यासाठी लांबलांबून माणसे येतात. परंतु डोळ्यांना दिसणारे पाणी वेगळे आणि आभाळातून अंगणात पडणारे पाणी वेगळे. पावसाळी ढग सह्याद्री ओलांडतानाच बरेचसे रिते होतात. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर इंदापूरच्या बाजूला तो पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पडतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. येथील माळावरच्या घराचे अंगण खणावे, तर वर वीतभर माती आणि खाली मुरूम.

अशा अंगणात कोणी हौसेने शहरातून गुलाबाचे कलम आणतो. पावसाळा सुखाचा जातो, थंडीत दोन फुले येतात; पण चैत्र उजाडला की गुलाब पाने टाकू लागतो. मग घरात एक अवघड प्रश्न उभा राहतो. हंड्यातले पाणी रोपाला घालावे, की रांजणात जपून ठेवावे? बहुधा रांजणाचीच निवड होते आणि ती योग्यच असते. गुलाब वाळतो, आणि 'आमच्या मातीत काही येत नाही' असे म्हणून घरची माणसे बागेचा नाद सोडून देतात. त्याच अंगणाच्या कोपऱ्यात, पाया खणताना निघालेल्या दगडांचा ढीग कित्येक वर्षे पडून असतो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक त्या अंगणाची खरी बाग त्या ढिगातच दडलेली असते.

ह्या काळ्या दगडाचे कूळ मोठे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. अशा थरांनी दख्खनचे पठार बनले. आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक पसरलेला आहे. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते ह्या थरांमुळेच. लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोके राहिली आणि पुढे काही भोकांत पांढरे, हिरवट स्फटिक जमले. काही दगड कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जातात; नदीकाठचे गोटे पाण्याने घासून गुळगुळीत झालेले असतात. नुसता ढीग म्हणून पाहिला तर सारे दगड सारखेच. पण एकेक हाती घेऊन पाहिला, तर कोणताही दगड दुसऱ्यासारखा नसतो.

निसर्गाने तर दगडांच्या बागा केव्हाच लावून ठेवल्या आहेत. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे. मोठे झाड त्यावर तग धरू शकत नाही; पण पावसाळा सरता सरता त्याच खडकावर सीतेची आसवे आणि तेरडा ह्यांचे रंगीत गालिचे पसरतात. जुन्या गडांच्या तटबंदीत, जेथे चिमूटभरही माती दिसत नाही, तेथे गवताची पाती डुलत असतात. हे कसे घडते? दगडाखालच्या जमिनीला ऊन थेट लागत नाही, म्हणून तेथील ओल लवकर उडत नाही. पावसाचे पाणी दगडावरून घरंगळून त्याच्या कडेला मुरते आणि मुळांना मिळते. कडक उन्हाळ्यात एखादा मोठा दगड उलटला, तर चहूकडची जमीन भेगाळलेली असतानाही त्याच्या पोटाखाली गारवा आढळतो. ज्याला निष्ठुर म्हणून हिणवले, तो मुळांना सावली देत बसलेला असतो.

महाराष्ट्रातील मुलांना ही विद्या नवी नाही. दिवाळीत दगड, माती आणि पोती जमवून जो किल्ला ते रचतात, तो अंगणातील डोंगरच असतो. पायथ्याशी मोठे दगड, वर लहान, मधून फिरत जाणारी वाट, चिखलाचे बुरूज, आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून उगवलेली कोवळी हिरवळ! दगड कसा बसवला म्हणजे डळमळत नाही आणि उतार किती ठेवला म्हणजे माती वाहत नाही, हे त्यांचे हातच त्यांना शिकवतात. तो किल्ला काही दिवसांत मोडून जातो. दगडांची बाग मात्र वर्षानुवर्षे राहावयाची असते. म्हणून तिला थोडा अधिक विचार लागतो.

प्रथम जागा पाहावी. जेथे दिवसाचा बराच वेळ ऊन पडते आणि पावसाचे पाणी साचून राहत नाही, अशी जागा उत्तम. तेथे तळाशी विटांचे तुकडे आणि फुटक्या कौलांच्या खापऱ्या पसराव्यात, म्हणजे जादा पाणी निथळून जाते. त्यावर दोन भाग मुरूम वा जाडी वाळू, एक भाग माती आणि थोडेसे चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण घालून हात-दीड हात उंचीचा चढ करावा. ह्या झाडांना भुकेपेक्षा अजीर्णाचे भय अधिक. खत फार झाले आणि मुळाशी पाणी तुंबले, की ती कुजतात.

मग दगड बसवावेत. बसवावेत, नुसते ठेवू नयेत. प्रत्येक मोठ्या दगडाचा सुमारे तिसरा हिस्सा मातीत पुरावा. तसे केल्याने तो हलत नाही, आणि आत्ताच कोणी आणून टाकल्यासारखा न दिसता जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. त्याचा माथा चढाच्या आतील बाजूस किंचित कलता असावा, म्हणजे त्यावर पडलेले पाणी मागच्या मुळांकडे जाते. दगडांवरील थरांच्या रेषा एकाच दिशेने ठेवाव्यात. डोंगरातील थर असेच एका दिशेने गेलेले असतात. सारखे दगड सारख्या अंतरावर मांडले, तर बागेऐवजी दातांची कवळी दिसू लागते! एक मोठा, त्याच्या कुशीत एक मधला, थोड्या अंतरावर एखादा लहान, आणि मध्ये मोकळी जागा, अशी मांडणी डोळ्यांना सुखावते. दगड आणताना दोन पथ्ये पाळावीत. गडाच्या तटाचा किंवा पडक्या देवळाचा दगड कधीही उचलू नये. तो एकट्याचा नसतो, साऱ्यांच्या पूर्वजांचा असतो. आणि माळावरचा दगड हाताने एकदम उलथू नये. त्याखाली विंचू किंवा फुरसे विसावलेले असू शकते. हे काम मोठ्या माणसांनी पहार घेऊन करावयाचे असते.

रचना झाली की लगेच लागवड करू नये. एक-दोन पाऊस पडू द्यावेत. माती दबते, पोकळ्या उघड्या पडतात. त्या भरून घ्याव्यात आणि मगच रोपे लावावीत. रोपेही दूरदेशीची शोधत बसू नयेत. बांधावरची कोरफड चालते. तिचे जाड पान म्हणजे पाण्याची पखालच. पानफुटीचे नुसते पान ओल्या मातीवर ठेवले तरी त्याच्या कडेला रोपे फुटतात. माळावर आढळणारे माकडशिंग पानांवाचून नुसत्या मांसल कांड्यांवर जगते. मागच्या बाजूस तरवड लावला, तर तो पिवळ्या फुलांनी उठून दिसतो. त्रिधारी निवडुंगही शोभतो. पण त्याचा चीक डोळ्यांना अपाय करतो, म्हणून तो मुलांच्या वाटेपासून दूर असावा. कोरफड, पानफुटी ह्यांसारख्या वनस्पतींचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसाच्या उन्हात मिटतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. त्यामुळे त्यांचे पाणी फारसे वाया जात नाही. काटकसर ही त्यांची जन्मजात सवय आहे. भांडी विसळलेले थोडे पाणी चार-आठ दिवसांनी मिळाले, तरी ती उन्हाळा काढतात. रांजणाकडे त्यांची नजर नसते.

अशा बागेत घरातील जुन्या दगडांनाही मानाची जागा मिळते. गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या आणि जाती थांबली. पहाटे उठून ज्या जात्याशी आजी-पणजीने ओव्या गाइल्या, ज्याचा खुंटा त्यांच्या तळहातांनी गुळगुळीत केला, ते जाते आज परसात पालथे पडलेले असते. त्याची तळी कोरफडीच्या शेजारी मांडावी. जुने उखळ मातीत अर्धे बसवून त्यात रोज ताजे पाणी ठेवावे. चिमण्या आणि साळुंक्या तेथे येतात. ज्या दगडाने घराला जेवू घातले, तो आता पाखरांना पाणी पाजतो.

टाकलेल्या वस्तूंतून केवढे मोठे काम उभे राहते, हे नेकचंद नावाच्या माणसाने साऱ्या जगाला दाखवले. १९४७ च्या फाळणीत त्यांचे गाव सीमेपलीकडे गेले. पुढे ते चंदिगडला रस्त्यांच्या कामावर देखरेख करणारे साधे कर्मचारी झाले. नवे शहर उभारण्यासाठी जुनी खेडी पाडली जात होती. त्यांचे भग्नावशेष, नाना आकारांचे दगड, फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांचे तुकडे त्यांनी गोळा केले, आणि १९५७ पासून जंगलातील एका सरकारी जागेत, कोणालाही न कळवता, कामावरून सुटल्यावर ते आपले जग रचत राहिले. १९७५ च्या सुमारास अधिकाऱ्यांना त्याचा पत्ता लागला. जागा सरकारची, रचना मोडून टाकण्याचाच प्रसंग होता. पण लोक ती पाहून थक्क झाले, आणि १९७६ साली ती बाग सर्वांसाठी खुली झाली. १९८४ साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते निवर्तले. त्यांची बाग आजही उभी आहे. ज्याचे स्वतःचे गाव हरवले, त्याने हरवलेल्या गावांच्या तुकड्यांना घर दिले.

हरवलेले गाव म्हणजे काय, हे भीमाकाठच्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. उजनीच्या पाण्याखाली कित्येक गावांच्या भिंती, ओटे आणि शेते गेली. डाळजपासून जवळच असलेल्या पळसदेवचे जुने पळसनाथाचे देवालय त्या पाण्यात उभे आहे. एखाद्या वर्षी उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की ते देवालय उघडे पडते आणि आसपासची माणसे ते पाहण्यास जातात. इतकी वर्षे पाण्याखाली राहूनही त्याचे चिरे एकमेकांना धरून असतात. म्हातारी माणसे त्या दगडांकडे बोट दाखवून नातवंडांना सांगतात, 'इथे आपला गाव होता.' माती वाहून जाते, लाकूड कुजते. खूण सांगण्यासाठी दगड मागे राहतो.

अंगणातील लहानसा डोंगरही असाच हळूहळू घराचा होतो. पहिल्या वर्षी दगड परके वाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्या कडेने गवत डोकावते, एखादा सरडा माथ्यावर ऊन खात बसतो. मग केव्हातरी दगडाच्या पाठीवर करड्या, पिवळसर रंगाचा एक ठिपका उमटतो. गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचा तो भाऊबंद. शेवाळ आणि बुरशी ह्यांच्या सहवासातून तो जन्म घेतो आणि वर्षाला फार तर काही मिलिमीटर वाढतो. त्याला खत लागत नाही, घाई चालत नाही. तो रुपयाएवढा होईपर्यंत बाग करणारे मूल मोठे झालेले असते. वैशाखातल्या दुपारी ते घरी येते, रांजणातले पाणी पिते आणि अंगणाकडे पाहते. आजूबाजूचा माळ करपलेला असतो, पण दगडांच्या कुशीत कोरफड हिरवीगार उभी असते.