कॅप्टन साठे आणि एक अवघड प्रश्न

आमच्या किहीमच्या पोरांना विमानाचं भारी वेड. मुंबईकडे जाणारं विमान दिसलं, की खेळ थांबतो, हात हलवणं सुरू होतं. 'बाई, आत चालवणारा कसा असतो हो?' हा प्रश्न ठरलेलाच. म्हणून दर ऑगस्टमध्ये मी वर्गात कॅप्टन दीपक वसंत साठे यांच्याबद्दल सांगते.

साठे कुटुंब नागपूरचं. वडील लष्करात ब्रिगेडियर होते. दीपक खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकले. पुढे हवाई दलाच्या अकादमीत त्यांना मानाची तलवार मिळाली. ही तलवार तुकडीतल्या सर्वांत उत्तम छात्राला देतात. १९८१ ते २००३ ते हवाई दलात होते. लढाऊ विमानं उडवली, विमानांची चाचणी घेण्याचं जोखमीचं कामही केलं. मग प्रवासी विमानं चालवू लागले.

एवढं सगळं करूनही हा माणूस कधी मिरवला नाही, असं त्यांची माणसं सांगतात. त्यांच्या आईंनी वार्ताहरांना एक आठवण सांगितली होती. गुजरातेत पूर आला तेव्हा दीपकनी जवानांच्या मुलांना खांद्यावर घेऊन पाण्यातून बाहेर काढलं होतं. बक्षिसांच्या यादीपेक्षा आमच्या पोरांना हेच जास्त आवडतं.

आता २०२० सालाकडे येऊ. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळानं आमच्या अलिबागच्या वाड्या झोपवल्या. त्यात कोरोना. परदेशात अडकलेल्या लोकांना सरकार खास विमानांनी घरी आणत होतं. ७ ऑगस्टला असंच एक विमान दुबईहून केरळात कोझिकोडला निघालं. आत १९० माणसं, त्यांत दहा तान्ही बाळं. कॅप्टन होते साठे आणि सोबत सहवैमानिक अखिलेश कुमार. दुसऱ्या दिवशी साठ्यांच्या आईंचा वाढदिवस होता.

कोझिकोडची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे. आमच्या कनकेश्वराचा माथा कापून सपाट केला तर कसा दिसेल, तशी. टोकाला उतार, खाली दरी. संध्याकाळी पाऊस कोसळत होता. विमान एकदा उतरायला आलं, पण न उतरता पुन्हा वर गेलं. दुसऱ्यांदा उलट बाजूनं आलं. ते टेकलं तेव्हा २,७०० मीटरच्या धावपट्टीपैकी निम्मी मागे पडली होती. विमान थांबलं नाही. टोकावरून खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. बाकीचे वाचले. कोरोनाची भीती बाजूला ठेवून आजूबाजूचे गावकरी भर पावसात धावले, जखमींना त्यांनी गाड्यांत घालून दवाखान्यात नेलं.

त्यानंतर मोबाइलवर निरोप फिरू लागले. साठ्यांनी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, म्हणून आग लागली नाही, वगैरे. ऐकायला छान वाटतं. पण २०२१ साली चौकशीचा अहवाल आला, त्यात तसं नाही. अहवाल म्हणतो, उतरतानाच विमानाचा अंदाज चुकला होता. सहवैमानिकानं 'पुन्हा वर घ्या' असं सांगितलंही होतं. तरी उतरणं चालूच ठेवलं गेलं. त्याच अहवालात आणखीही गोष्टी आहेत. कॅप्टनच्या बाजूच्या काचेचा वायपर नीट चालत नव्हता. वारा मागून ढकलत होता. दुसऱ्या सकाळचं उड्डाणही त्यांच्याच नावावर होतं.

हे सांगितल्यावर चौथीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, 'बाई, मग ते चांगले नव्हते का?'

वर्ग एकदम गप्प झाला. मी म्हटलं, 'ते चांगले होते आणि त्यांच्याकडून चूकही झाली. दोन्ही खरं आहे.' मुलांना हे पटायला वेळ लागतो. मोठ्यांनाही लागतो. कुणी गेलं की एक तर त्याला देव करायचं, नाही तर सगळा दोष त्याच्या माथी मारायचा, ही आपली सवय. अपघाताची चौकशी यातलं काहीच करत नाही. पुढचं विमान वाचावं, एवढ्यासाठीच ती असते. साठ्यांची चूक झाकली, तर त्यातून कुणीच शिकणार नाही. त्यांची चाळीस वर्षांची चाकरी विसरलो, तर तोही अन्यायच.

आमच्या थळच्या कोळीवाड्यातला एक मुलगा पटकन बोलला, 'बाई, वारं फिरलं की आमचे आजोबा होडी माघारी आणतात. मासळी नाही मिळाली तरी चालेल म्हणतात.' त्याला कुणी भित्रा नाखवा म्हणत नाही. विमानातही तसंच आहे. उतरता उतरता परत वर जाणं ही हार नव्हे. वैमानिकांना ते मुद्दाम शिकवलेलं असतं.

आणि 'परत फिरा' असं सांगणारा पदानं, वयानं लहान असला तरी त्याचं ऐकायचं असतं. तुम्हीसुद्धा कधी गटाचे नायक व्हाल, संघाचे कप्तान व्हाल. तेव्हा एखादं लहान पोर म्हणेल, 'ताई थांब, चुकतंय.' थांबा. कॅप्टन साठ्यांची आठवण मी मुलांना सांगते ती याचसाठी. पुरात पोरांना खांद्यावर घेणारा तो माणूस नीट लक्षात ठेवा, आणि त्या पावसातल्या संध्याकाळनं शिकवलेलंही.