वीट्टुल एल्लारुम

चेन्नईच्या सावकारपेठेत आमचं गलाईचं दुकान. खाली सोनं-चांदी गाळायची भट्टी, वर दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. विटा-आटपाडीकडची कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगली, त्यांतलंच आमचं.

धाकटी पाच वर्षांची. रात्री झोपेतून उठायची, बसायच्या जागी खाजवत रडायची. आत्या म्हणाल्या, "गोड खाऊन जंत झालेत." (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.) त्यांनी वावडिंग उकळून पाजलं. मी संडास तपासून आणली. रिपोर्टात काही नव्हतं, म्हणून निर्धास्त झाले. चूक माझी. तीन आठवड्यांनी एका रात्री टॉर्च लावून पाहिलं, तर दोऱ्याच्या तुकड्यांसारखे पांढरे जंत वळवळत होते. पोरगी तीन आठवडे सांगत होती आणि मी कागदावर विश्वास ठेवला, हे अजून सलतं.

डॉक्टरबाईंनी समजावलं. या जंताची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते, म्हणून तो संडासच्या तपासणीत बहुधा सापडतच नाही. सकाळी धुवायच्या आधी चिकटपट्टी लावून अंडी शोधावी लागतात. खाजवलं की अंडी नखांत, तिथून तोंडात, चादरीवर, शेजारी झोपणाऱ्याच्या पोटात. औषध साधं: अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी, चावून खायची. तिच्यामुळं जंताला साखर शोषता येत नाही, तो उपाशी मरतो. अंडी मात्र वाचतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी गोळी.

मी एका पोरीपुरत्या गोळ्या मागितल्या. बाई म्हणाल्या, "वीट्टुल एल्लारुम." घरातल्या सगळ्यांनी, एकाच दिवशी.

तेच अवघड गेलं. दीर लाजले, भट्टीवरची दोन पोरं हसली. आत्या म्हणाल्या, "या वयात मला कसले जंत?" जाऊबाईंना दुसरा महिना होता, पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत, म्हणून त्यांना नखं कापणं आणि हात धुणं एवढंच. बाकीच्यांच्या ताटाशेजारी मी गोळी ठेवली आणि शेवटच्या माणसानं चावेपर्यंत तिथून हलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या चादरी, चड्ड्या, टॉवेल उकळत्या पाण्यात. पंधराव्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर पोरगी रात्रभर झोपू लागली.

मोठ्याच्या शाळेत हीच गोळी 'पूच्ची मात्तिरै', म्हणजे जंताची गोळी, म्हणून देतात. आपला 'मात्रा' हा शब्द तोच हा तमिळ 'मात्तिरै'. 2015 मध्ये सुरू झालेल्या सरकारी मोहिमेत देशभर 1 ते 19 वर्षांच्या मुलांना ती फुकट मिळते. चक्कर येते असं ऐकून मी एकदा त्याला गोळी वाटायच्या दिवशी घरी ठेवलं होतं. आता ठेवत नाही.

तुमच्या घरी एखादं पोर रात्री असं खाजवत उठत असेल, तर लाजू नका. डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्या आणताना घरातली माणसं मोजून आणा.