वर्षश्राद्धाची रक्कम

आमचा धाकटा बंधु स्वादुपिंडाच्या कर्करोगानें गेला, त्यास येत्या मार्गशीर्षांत वर्ष होईल. त्याचा संसार जळगांवीं, आमचा धुळ्यास. प्रथम त्याचे डोळे पिवळे झाले. दुखणें म्हणावें तर कांहींच नव्हतें. कावीळ समजून १५ दिवस काढे व पथ्यपाणी झालें. मग मुंबईस नेलें, तों शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. ही ग्रंथि जठराच्या मागें दडलेली. तिच्या शिरोभागीं गांठ होऊन पित्तवाहिनी दाबली गेली म्हणजे अंग पिवळें पडतें, आणि पुष्कळदां तोंपर्यंत रोग पसरलेला असतो. 'स्वादु' म्हणजे गोड, असें आम्ही ३६ वर्षें मुलांस सांगत आलों!

वर्षश्राद्धासाठीं घरांत कांहीं रक्कम बाजूस काढली आहे. ती टाटा रुग्णालयाच्या खारघर येथील संशोधन-केंद्रास द्यावी, असें आम्हीं सुचविलें आणि माजघरांत वाद माजला. पुतण्या म्हणाला, "मोठेकाका, औषध सांपडेलच याची हमी कोण देतो? त्यापेक्षां येथल्या इस्पितळास एक खाट द्यावी. बाबांचें नांव तरी दिसेल."

प्रश्न रास्त होता. आमच्या मनांतलें संशोधन अगदीं आरंभींचें. रोग्याच्या गांठीचा कण प्रयोगशाळेंत वाढवावयाचा, त्यावर औषधें पारखावयाचीं, आणि टिकेल तें हळूहळू रोग्यापर्यंत न्यावयाचें. बहुतेक टिकत नाहींत. म्हणूनच कंपन्या या टप्प्यावर हात आखडतात आणि चांगला शोधही मधल्यामध्यें अडकून पडतो.

आम्हीं त्यास लेडी मेहेरबाई टाटा यांची हकीकत सांगितली. त्या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पति सर दोराबजी यांनीं १९३२ सालीं त्यांच्या नांवें न्यास स्थापिला, तो त्याच रोगाच्या संशोधनासाठीं. आणि उत्पन्नाचा मोठा भाग देशोदेशींच्या संशोधकांस देण्याची तजवीज केली. त्या वेळीं त्या रोगावर औषध नव्हतें. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं मुलांमध्यें तो कांहीं काळ हटविल्याचें प्रसिद्ध केलें तें १९४८ सालीं. दोराबजी तर न्यास स्थापिला त्याच वर्षीं निवर्तले होते. आज तो रोग झालेलीं पुष्कळ मुलें बरीं होतात.

आणि आम्हां धुळेकरांस हें नवें कां वाटावें? इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं आमच्याच गांवीं वारले, पुढल्या वर्षीं त्यांच्या नांवें संशोधन मंडळ निघालें. जुन्या दप्तरांतून काय हातीं लागेल, हें आधीं कोणास ठाऊक होतें?

भावजय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, जेवणावळ पांच पानांवर आणा. उरेल तें खारघरला जाऊं द्या. ते १५ दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहींत." त्यावर पुतण्या कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळीं त्यानेंच पत्र लिहून आणलें. त्यांत 'स्वादूपिंड' असें पडलें होतें. तेवढें ऱ्हस्व करून आम्हीं सही केली.