आखातावरून अर्धा तास

सुरत आणि भावनगर ही दोन शहरे नकाशावर जवळजवळ समोरासमोर आहेत. मध्ये पसरले आहे ते खंबातचे आखात. दोन्ही विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 90 किलोमीटर भरते. रस्त्याने मात्र भरूच, वडोदरा करीत उत्तरेस जावे लागते, मही आणि साबरमती ओलांडून आखाताच्या माथ्याला वळसा घालावा लागतो आणि मग धोलेऱ्याच्या सपाट, खाऱ्या प्रदेशातून खाली उतरावे लागते. हा फेरा साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे. वराछा-कतारगाममध्ये हिऱ्याला पैलू पाडणारा सौराष्ट्राचा माणूस दिवाळीला गावी निघतो, तेव्हा त्याची एक संपूर्ण रात्र या वळशातच जाते.

हे पाणी साधेसुधे नाही. भरती-ओहोटीतील फरक येथे देशात सर्वाधिक. त्याच भरतीच्या बळावर अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत काढावयाची जहाजे चढविली जातात. घोघा-दहेज फेरी 2017 मध्ये सुरू झाली, पण गाळाने तिला जेरीस आणले. पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये घोघा-हजीरा जलमार्ग आला आणि मोटारीसह पलीकडे जाणे सुमारे चार तासांवर आले.

विमानाने हेच अंतर अर्ध्या तासाचे होते. सुरतेच्या हिरे-व्यापाऱ्यांच्याच पुढाकाराने या मार्गावर नऊ आसनांचे सेसना ग्रँड कॅरव्हॅन उडू लागले. एकच इंजिन, एकच पंखा. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. हिशेब केला तर समुद्रावरचा प्रवास जेमतेम वीस मिनिटांचा. उरलेला वेळ चढण्या-उतरण्याचा. इतक्या लहान विमानात सामानाबरोबर प्रवाशाचे वजनही मोजणीत धरावे लागते. हिऱ्याच्या व्यापाऱ्याला याची अडचण ती काय? पाच कॅरेटचा एक ग्रॅम होतो. सगळी पेढी खिशात मावते. यात्रेला निघालेल्या कुटुंबाने मात्र डब्यांची संख्या आधीच कमी करावी, आणि फेऱ्यांच्या वेळा बदलत असल्याने चौकशी करूनच निघावे.

अर्ध्या तासाचे खरे मोल कळते ते घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी असतील तेव्हा. चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. चोविहार पाळणाऱ्या वृद्धेला रात्रभर गाडीत बसवायचे म्हणजे सूर्यास्तापासून पाण्याचा घोटही नाही, पाय सुजलेले, आणि पहाटे समोर डोंगर. अनेक घरांत 'पुढच्या वर्षी पाहू' हे वाक्य याच रस्त्यामुळे उच्चारले जाते, आणि पुढचे वर्ष प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. सकाळी सुरतेहून निघालेल्या आजी दुपारी पालिताण्याच्या धर्मशाळेत विसावल्या, तर त्या दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी तळेटीला उभ्या राहतात.

साधू-साध्वींना मात्र तोच लांबचा वळसा, तोही पायी. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर धरले तरी तीन आठवडे लागतात.

भावनगरहून पालिताणा सुमारे 50 किलोमीटर; शिहोरमार्गे तास-सव्वा तास. पुढे साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या. आजींसाठी तळेटीला डोलीवाले मिळतात. दर तेवढा आधी ठरवून घ्यावा.